गुलाबी

तीस वर्षं सूत रंगवलं मी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत.
लडी कढईतून वर येताना, ओली असतानाच
सांगायचो वाळल्यावर कुठली छटा उतरेल.
नमुन्यावरून भांडण झालं की मालक म्हणायचे,
बोगमला दाखवा.

असला गुलाबी मात्र मी बघितला नव्हता.

दातांत प्लास्टिकचं कडं, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
दुर्बीण घशाखाली.
डॉक्टरीणबाईंनी आतून कणीएवढा तुकडा खुडला,
पिवळ्या टिकलीवर ठेवला.
म्हणाल्या, बसा बाहेर.
अर्ध्या तासात पिवळ्याची कड उजळली,
मग मध्य, मग सगळंच
नव्या नवरीच्या परकरासारखं.
"गुलाबी म्हणजे आहे."

काय आहे?

जंतू. स्क्रूसारखा पीळ, मागे शेपट्यांचा झुबका.
जिथं लोखंड गंजेल तिथं हा बिऱ्हाड करतो,
युरिया फोडतो, अमोनियाची गोधडी पांघरतो,
आम्ल त्याला शिवत नाही.
मी म्हटलं, बाई, हे मला सांगू नका.
छपाईला युरियाची पोती मीच फोडायचो.
सोडा घातल्याबिगर रंग धरत नाही,
ते या किड्याला कुणी शिकवलं?
बाई पहिल्यांदा हसल्या.

इतकी वर्षं कुणी म्हणालं शेंगाचटणी,
कुणी चहा, कुणी रातपाळी.
जावई म्हणाला, मामा, तुम्ही टेन्शन लई घेता.
मी थंड दूध पीत राहिलो,
रिकाम्या पोटी दुखायचं तर उठून भाकरीचा तुकडा,
आणि परसाकडं डांबरासारखं काळं झालं
ते घरात कुणाला बोललो नाही.

नायनाला सगळे तापट म्हणायचे.
तोही असाच पोटावर मूठ दाबून
मागाशी उभा राहायचा.
सिव्हिलमध्ये पोट उघडलं आणि तसंच शिवलं.
विचारलं, त्यालाही हेच होतं का?
बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"आता कसं सांगणार? असेलही.
शंभरात एखाद-दुसऱ्याला हा गाठीपर्यंत नेतो.
बहुतेकांना तर कळतही नाही
की पोटात कुणी राहतंय."

मग विचारलं, घरात अजून कोण?
राजम्मा. विड्या वळते.
लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली,
रक्त नवाच्या वर जाईना.
"त्यांचाही नमुना आणा, डबीत."
ते ऐकून राजम्मा दोन दिवस
माझ्याशी बोलली नाही.

चौदा दिवस मूठ मूठ गोळ्या.
तोंडात हंडा चाटल्यासारखी चव.
सहाव्या दिवशी सोडणार होतो,
राजम्मानं रिकामी पाकिटं मोजली:
तिच्या दहा, माझ्या नऊ.
मुकाट्यानं गिळली दहावी.

महिन्यानं पुन्हा तपासायचंय.

जाताना विचारलं होतं, आला कुठून?
"लहानपणीच, बहुधा. पाणी, उष्टं. घरातल्या घरात."
चार दिवसांनी येणारं पाणी, त्याचं पिंप,
पिंपात बुडणारा सगळ्यांचा एकच तांब्या...
मला आठवली ती अम्मा.
ज्वारीची कडक भाकरी, खापरासारखी.
ती दातांखाली घ्यायची, मऊ करायची,
तिच्या तोंडातून माझ्या तोंडात.
दुष्काळाचं वर्ष होतं,
तिनं स्वतः किती गिळलं असेल कोण जाणे.

शिरीषा दीड वर्षाची झाली. ताता म्हणते.
दाणे मी तिला चावूनच द्यायचो,
जानेवारीपासून देतोय.
आता खलबत्त्यात कुटून चमच्यानं देतो.
चमचा ती ढकलते.
माझा जबडा हलताना टक लावून बघते,
बोट घालते माझ्या ओठांत.
मी तोंड मिटतो,
चावत राहतो, चावत राहतो,
आणि गिळतो.