पर्यायी विमानतळ नाही

खराडीत सातव्या मजल्यावर रात्री अकराला
माझी पहाट होते.
पडद्यावर दोन ठिपके, मध्ये निळं, नुसतं निळं.
चारशे बारा सागरी मैल.
एक तास अडतीस मिनिटं,
वारा समोरून असेल तर एक एकावन्न.
बेटांची नावं आम्हाला धड उच्चारता येत नाहीत,
म्हणून शिफ्टमध्ये सगळे त्यांना
थोरली आणि धाकटी म्हणतात.

थोरलीला डांबरी धावपट्टी आहे. धाकटीला
ठेचलेल्या प्रवाळाची,
आणि विमान यायच्या आधी टेविटा नावाचा माणूस
सायकलवरून कुत्री हाकलतो.
त्याला मी पाहिलेलं नाही. त्याचा संदेश येतो:
धावपट्टी मोकळी. कुत्री नाराज.

तात्या कधी विमानात बसले नाहीत.
खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांनी केलेली मापं तपासली.
अप्पा बळवंत चौकातून घासाघीस करून पृथ्वी आणली,
तिच्यावर थोरली नव्हती, धाकटी नव्हती.
दोन्ही त्यांनी सुईच्या टोकाने केल्या.
मग शिवणाचा दोरा लावून मोजलं आणि म्हणाले,
'वीस मैल चुकतंय तुझ्या कंपनीचं.'
मी म्हटलं, दोरा जाड आहे.
दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक दोरा आणला.

पुण्यात उतरता आलं नाही तर मुंबई आहे,
हैदराबाद आहे, लोक चिडतात, पण उतरतात.
धाकटीच्या कागदावर त्या रकान्यात
मी रोज 'नाही' लिहिते.
आणि 'नाही' लिहिलं की नियम असा:
दोन तासांचं तेल जादा भरायचं,
जागा नाही तर निदान
वर थांबायला वेळ हवा.
त्या वेळाला वजन असतं.
गेल्या मंगळवारी दोन पाहुणे आणि एक शिलाई मशीन
मी थोरलीवरच ठेवून दिलं.
मशीन एकवीस किलोचं होतं.

काल धाकटीवर ढग बसला तो उठेचना.
नऊ माणसं वर घिरट्या घालत,
मी इथे एसीत, हातात पेन, पेनाचा उपयोग शून्य.
तीन वाजता घरी फोन केला, का ते माहीत नाही.
पहिल्याच रिंगला उचलला.
'किती उरलंय?'
'एक तास दहा.'
'मग घाई कशाला करतेस,' तात्या म्हणाले,
आणि फोन ठेवला नाही.
भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं,
ते आमच्याकडे पाच मिनिटं पुढे असतं.
कितीतरी वेळ दोघंही काही बोललो नाही.

मग पडद्यावर एक ओळ आली.
कुत्री फारच नाराज.

सव्वासातला कंपनीची गाडी निघाली.
हडपसर, स्वारगेट, दांडेकर पूल,
शेजारचा मुलगा माझ्या खांद्यावर झोपलेला.
धायरीत जिना चढले तर दार उघडंच,
थर्मासमधला चहा जेमतेम कोमट,
आणि टेबलावर ती वही,
जिच्यात एवढे दिवस मला वाटत होतं
फक्त बेटांचे आकडे आहेत.

खराडी ते धायरी. सरासरी एक तास अडतीस मिनिटं.
आज शाल्मली: चौदा मिनिटं उशीर.
कारण: राजाराम पूल.