जळालेली काउंटी

बुधवारी तळघर उघडं असतं, दहा ते तीन.
किल्ली माझ्याकडे. हीटर आपल्या मर्जीचा मालक.
ओडेल प्रुइट जिना उतरतो एकेक पायरी तोलत,
चाळीस वर्षं ट्रक चालवून गुडघे गेलेले,
आणि बुटांच्या खोक्यातून काढतो बायबल.
आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीत एकच नाव:
झेरेल्डा.
आडनाव नाही. साल नाही.
"आजीची आई," तो म्हणतो. "एवढंच आहे."

मी त्याला तेच सांगते, जे सगळ्यांना सांगते:
कोर्टहाउस जळालं. जन्म, लग्नं, वाटण्या,
सगळं एका रात्रीत. कुणी म्हणतं वीज पडली,
कुणी म्हणतं, ज्याचा बांध वादात होता
त्याच्या हाताला रॉकेलचा वास येत होता.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
पण ओडेल कुठे ऋषी आहे?

मग आडवाटेने जायचं.
कराच्या याद्यांत बायका नसतात,
नवरा मेल्याशिवाय.
चर्चच्या इतिवृत्तात असतात, पण नाचल्या म्हणून
काढून टाकलेल्या. तिथे ती असावी असं
मला उगाच वाटत होतं. नव्हती.
शवपेट्या करणाऱ्या सुताराच्या वहीत नावंच नाहीत,
नुसती मापं. "मूल, एकवीस इंच."
ओडेलने टोपी काढली
आणि पुढची चार पानं टोपी मांडीवरच राहिली.

असे तीन बुधवार.

चौथ्याला आठवलं: आयडाबेल क्रॅडकच्या गॅरेजमधून
आलेलं खोकं, उंदरांच्या वासाचं,
मी अजून नोंदवलंही नव्हतं.
त्यात तराफेवाल्याची वही.
कोण उतरलं, किती चाकं, किती जनावरं.
आणि पाण्याने फुगलेल्या एका पानावर:
"बाई. नाव सांगते झेरेल्डा. कडेवर मुलगी.
गाय एक, पोहत. भाडं घेतलं नाही."

एका नोंदीवर कुणाची पणजी ठरत नाही,
हे मी म्हणायला हवं होतं. तो माझा नियम आहे.
कुठल्या काठावरून कुठल्या काठाला,
तेही वहीत नाही.
ओडेल बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"आजी पुलावरून जाताना डोळे मिटायची.
आम्ही हसायचो."

झेरॉक्स पानाला दहा सेंट.
त्याने पंचवीसचं नाणं ठेवलं, सुटे घेतले नाहीत.
"पोहत आलेल्या गायीचे वेगळे लागत नाहीत ना?"

तो गेल्यावर मी नोंदवही ओढली.
प्रुइट, ओडेल. आला दहाला, गेला तीनला.
शेवटचा रकाना: सापडलं का?
तिथे हो किंवा नाही लिहायचं असतं.
मी लिहिलं,
नदीपर्यंत.