वड, बारा पॉइंटात

वडाची कविता वडासारखी दिसली पाहिजे
असं ठरवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.
बाबाजीपुऱ्यातल्या पाणपोईजवळचा वड मनात धरून
आलेखाच्या वहीत चौकोन मोजून लिहिली:
वर रुंद ओळी, मध्ये खोड,
बाजूंना एकेका अक्षराच्या पारंब्या.

दांडिया बाजारात, सायकल दुरुस्तीच्या मागे
मार्तंडकाका जगदाळ्यांचा छापखाना.
मंडळाचा दिवाळी अंक तिथं
खिळ्याला खिळा लावून जुळत होता.
काकांनी वही उलटी धरली, मग सुलटी,
मग परत उलटी. "सवय," म्हणाले.
आणि विचारलं, "विश्वामित्रीतली मगर का नाही लिहिलीस?
एक लांब ओळ, वर दोन टिंबं. संपलं काम."
मशीनवरचा रमणीक हसला:
"मगर चालशे, बेन."

मला वाटायचं, कोरी जागा फुकट असते.
काकांनी माझ्या तळहातावर एक क्वाड ठेवला,
शिशाचा, ठेंगणा, शाईला कधी न शिवलेला.
"खोडाच्या अल्याडपल्याड जी हवा काढलीयस ना,
ती मला अशी भरावी लागते. तुकडा तुकडा.
नाहीतर उचलल्या उचलल्या तुझा वड मांडीवर सांडेल."
मी मुठीत तोलून पाहिला.
माझ्या सगळ्या विशेषणांहून
ती हवा जड होती.

तीन संध्याकाळी घासाघीस.
"‘विस्तीर्ण’ बसत नाही."
"मग ‘मोठा’?"
"सैल पडतो."
"‘ऐसपैस’?"
ओठ हलवून त्यांनी मापलं.
"बसतो. पण तो आहे का तसा?"
मला पहिल्यांदाच नीट जाऊन बघावं लागलं.

नव्हता. एका अंगानं
विजेच्या तारांसाठी छाटलेला,
दुसऱ्या अंगाला पंक्चरवाल्याचं टायर टांगलेलं,
आणि पारंब्या जमिनीला टेकतच नव्हत्या.
शाळेतल्या पोरांनी झोके घेऊन घेऊन
टोकं झिजवलेली. कंबरेइतक्या उंचीवर त्या
        वि
        चा
        र
        क
        री
        त
थांबलेल्या.

वहीतल्या माझ्या पारंब्या मात्र झाडून सगळ्या
शेवटच्या चौकोनापर्यंत पोचल्या होत्या.
मी खोडलं, परत लिहिलं.
काका काही बोलले नाहीत.
नऊ खिळे काढले, नऊ क्वाड घातले.

चौथ्या दिवशी प्रूफ काढताना दोरा सुटला.
खोडाची डावी कड ढासळली,
‘सावली’ फरशीभर.
रमणीक टॉर्च घेऊन मशीनखाली आडवा:
"सा मळ्यो. वेलांटी नथी मळती."
मी रडायच्या बेताला आलेली.

काकांनी केसमधून दोन खिळे उचलले,
बोटानं शाई लावली,
आणि कुणाच्या तरी उरलेल्या लग्नपत्रिकेच्या
पाठीवर दाबले.
"हं."
"वड," मी वाचलं.
"वाचू नकोस. बघ."

व-ला दांडा,
वरून निघून तळापर्यंत पोचलेला.
ड-ला दांडाच नाही.
तो रेघेला धरून लोंबतो,
खाली येता येता वळतो,
टेकत नाही.

मी बघत राहिले.
"मुद्दाम केलंय कुणी?"
"मला काय माहीत. मी सातवी पास,"
काका म्हणाले, आणि फरशीवर बसून
माझी सावली वेचू लागले.

वेलांटी शेवटपर्यंत सापडली नाही.
म्हणून ‘छाया’ घातलं. एका केसाएवढं जास्त भरलं,
खोड तिथं जरा पोक काढून उभं आहे.

अंक निघाला. आत्यानं पान हातभर लांब धरलं,
चष्मा वर सारला, म्हणाली,
"छत्री सुरेख जमलीय हं."

मी हो म्हटलं.
परत द्यायचा राहिलेला क्वाड
मुठीत होता, गरम झालेला.