आळं

मेच्या अठ्ठावीस तारखेआधी इथे रोप जमिनीत लावू नये
असं आजोबा सांगतात, आणि विद्यापीठाचं पत्रकही.
मी दोघांचं ऐकून एकतीसला निघाले.
मागच्या सीटवर चोवीस मिरच्या, बारा टोमॅटिओ,
आणि एपासोतेचा एक ट्रे. त्याला घासलेटचा वास,
काच खाली केली तरी जात नाही.

व्हरमाँटच्या या टोकाला रस्ता संपतो, तिथे कॅनडा.
हद्दीवरच्या पांढऱ्या गाड्या, हिरव्या पट्ट्याच्या,
रोज त्याच वळणावर उभ्या.
मला त्या हात करतात.
एर्मेलिंदा अकरा महिन्यांत दुकानात गेलेली नाही.
तिची कोथिंबीर येते आठवड्याला एकदा,
दुसऱ्याच्या गाडीतून,
तिसऱ्याच्या निवडीने.

पेल्कींच्या गोठ्यामागे पत्र्याचा ट्रेलर.
मी पत्रक काढलं: दोन रोपांत अठरा इंच.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेपकडे.
रबरी बूट काढला, मोजा काढला,
टाचेला टाच लावून दोन पावलं टाकली
आणि म्हणाली, एवढं.
ती आत गेल्यावर मी मोजलं.
साडेसतरा.
या कामाचे मला तीन क्रेडिट मिळतात.

फिदेन्सिओ धार आटपून आला,
कोपरापर्यंत दूध आणि आयोडीन.
एकेका रोपाला आळं करत गेला दोन्ही तळव्यांनी,
न बोलता, घाई न करता,
रात्रभर झोपलेला नसताना.
"आमच्याकडे उतार आहे," म्हणाला,
"पाणी अडवलं नाही तर शेजाऱ्याचं होतं.
इथे सपाटच आहे. सवय."
माझं स्पॅनिश कॉलेजातलं.
'शेजारी' कळलं. 'सवय' घरी जाऊन शोधली.

मी सांगितलं नाही की हा गोठा आमचा होता.
आजोबांनी बासष्ट गाई विकल्या तेव्हा मी चौथीत होते.
ट्रेलर आहे तिथे आजीचं रुबार्ब होतं;
अजून फुटतं ते चाकांखालून, लाल देठांचं.
हे खातात का, एर्मेलिंदाने विचारलं.
पानं नाही, ती विषारी. देठ. साखर मात्र भरपूर लागते.
"मग लावलं कशाला?"
मी टोमॅटिओंना पाणी घालायला लागले.

ऑगस्टात मिरच्या लागल्या होत्या
आणि फिदेन्सिओ नव्हता.
दुसऱ्या गोठ्यावर गेला. कुठल्या, ते एर्मेलिंदाला ठाऊक होतं;
तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
त्याच्या खाटेवर आता एलेउतेरिओ, एकोणीस वर्षांचा.
पायरीवर बसून मक्याच्या भाकरीशी मिरची चावत
फोनवर आईला झाड दाखवत होता.
आई पलीकडून ओरडत होती.
"पाणी कमी घाल म्हणते," तो मला म्हणाला,
जणू दोष माझाच.

माझ्याकडे फॉर्म होता.
लाभार्थ्याने स्वतः पिकवलेलं खाल्लं का? हो. नाही.
लावलं एकाने, खातोय दुसरा,
पाणी तिचं, शेण पेल्कींच्या गाईंचं,
आणि त्या गाईंतल्या किती आमच्या गाईंच्या नाती, देव जाणे.
'हो'वर खूण केली. खोडली.
म्हटलं, टेसला विचारू; तिला अशा गोष्टी ठरवता येतात.

एलेउतेरिओ उठला. एका आळ्याचा काठ फुटला होता,
तो त्याने बुटाने दाबून बसवला,
तोंडात घास तसाच.
साडेतीन होत आले. गाई हंबरायला लागल्या.

मी गाडीत बसले तेव्हा एर्मेलिंदा धावत आली.
पिशवीत रुबार्ब, जाड झालेले जून देठ,
पानं नीट छाटलेली.
"तुझ्या आजोबांना दे."

मी तर कधी बोलले नव्हते त्यांच्याबद्दल.
"पेल्की बोलतो," ती म्हणाली, "धार काढताना.
त्याला वाटतं आम्हाला इंग्रजी येत नाही."