तपकिरी, काळा, लाल

सातपूरच्या आयटीआयत, दुसऱ्या मजल्यावर,
सोल्डरच्या धुराने भिंती पिवळ्या झालेल्या खोलीत
हेमराज गावितने तिसरी एलईडी जाळली.
टच्, आणि मग तो वास.
पोरं हसली. मी हसलो नाही,
रजिस्टरात काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

आधी पाणी सांगून पाहिलं होतं.
गंगापूर धरण म्हणजे बॅटरी,
दरवाजा किती उघडला, तो रेझिस्टर,
आणि होळकर पुलाखालून वाहतो तो करंट.
तो म्हणाला, सर, पण पाणी परत धरणात कुठं येतं?
सुरगाण्याचा पोरगा.
गेलेलं पाणी येत नाही
हे त्याला मी काय सांगणार!

मग बस. सीबीएसवरून सुटते,
द्वारका, नाशिकरोड करून पुन्हा सीबीएसला.
आली ना परत? आली.
तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
सर, यात कंडक्टर म्हणजे वायर का?
तो तास तिथेच संपला.

मग सूत्र. त्रिकोण काढला,
व्ही वर, आय आणि आर खाली,
हवं ते बोटाने झाक, उरलेलं उत्तर.
त्याची गणितं बरोबर आली. सगळी.
आणि गुरुवारी चौथी एलईडी गेली.

तेव्हा मी बोललो ते बोलायला नको होतं:
जमत नसेल तर अंबडला पॅकिंगला लाग,
तिथे नुसतं चिकटवायचं असतं.
तो टेबलावरचे सोल्डरचे थेंब
नखाने खरवडत राहिला.

शनिवारी त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला
माझ्या स्कूटरशेजारी त्याची सायकल.
काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
हा सिग्नल फार वेळ घेतो.
म्हणाला, खालचा पेटला की जायचं, सर.
म्हटलं, हिरवा.
हो, तोच, खालचा.
मागून हॉर्न वाजत राहिले. तो कधीच पुढे गेला होता.

सोमवारी त्याच्यापुढे दोन रेझिस्टर ठेवले.
तपकिरी, काळा, तपकिरी: शंभर.
तपकिरी, काळा, लाल: हजार.
यातला हजारचा कुठला?
त्याने खिडकीकडे नेऊन पाहिले,
डोळ्यांजवळ धरले, लांब धरले.
दोन्ही एकच आहेत की, सर.

मग इतके दिवस?
मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं.
तुम्ही लोक सरावाने ओळखता.

आणि तो तक्ता त्याला पाठ होता.
काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन,
थेट पांढरा नऊपर्यंत, पाढ्यासारखा घडाघडा.
दर वेळी मी म्हणालो होतो, पाठ करून ये,
आणि दर वेळी तो करून आला होता.

नंतर मी फार काही शिकवलं नाही.
मल्टिमीटरच्या दोन पिना दोन टोकांना लाव,
आकडा वाच. एवढंच.
काडेपेट्या त्याने आणल्या,
वर पेनाने लिहिलं, १००, ४७०, १ के,
खिडकीत ओळीने मांडल्या.
आता बाकीची पोरंही त्यातूनच घेतात,
पट्ट्या बघायचा त्यांनाही कंटाळाच होता.

परीक्षेत पाच मार्कांना प्रश्न येतोच,
आकृतीतले रंग पाहून किंमत लिहा.
त्याचं काय करायचं, मला माहीत नाही.
अर्ज पाठवलाय. दोनदा.

पाचवी एलईडी मंगळवारी पेटली,
भर दुपारी, लाइट गेलेली,
नऊ व्होल्टच्या बॅटरीवर.
टाळी कुणी वाजवली नाही, जो तो घामाने वैतागलेला.
तो वाकून बराच वेळ बघत बसला,
मग हळूच विचारलं,
लाल आहे ना, सर?

हो म्हटलं.

त्याने एक रिकामी काडेपेटी ओढली
आणि तिच्यावर लिहिलं, लाल.