अंगठ्याचा आठवडा

सेव्हेरिन म्हणाला, रबरी चेंडू दाबून कंटाळलात ना,
मग हे घ्या.
आणि प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्या माझ्या हातात
भाचीचं गेमचं यंत्र ठेवलं,
सोबत बुटाच्या खोक्यात सात खेळ.
रोज एक. अंगठा वाकला पाहिजे, बोगुमिलाबाई.

वाकेल की.
एकतीस वर्षं ग्दिनियाच्या बंदरात क्रेन चालवली मी,
याच अंगठ्याने चाळीस-चाळीस टन उचललेत.
हे काय, पाव किलोसुद्धा नाही.

पहिल्याच संध्याकाळी मेले.
चौदा वेळा, एकाच खड्ड्यात.
पाठीवर दप्तर घेतलेला एक कोल्हा,
खड्डा आला की उडी मारायची, एवढंच त्याचं आयुष्य,
आणि मी त्याला दरवेळी एक श्वास उशिरा सांगायची.
पंधराव्या खेपेला काठावर उभं राहून
त्याने मागे वळून पाहिलं.
मी यंत्र बंद केलं, बीटाचं सार गरम करत ठेवलं.

गाड्यांच्या शर्यतीत उलटी निघाले.
खरं सांगते, फार बरं वाटलं,
समोरून येणाऱ्या सगळ्यांचे दिवे बघत जायला.

युद्धाचा खेळ खोक्यातच राहू दिला.
झाकणावर एक शहर जळत होतं.
माझ्या आईने असलं शहर
फुकटात पाहिलं होतं.

शेतीत कोबी तीन मिनिटांत तयार.
वरच्या मजल्यावरच्या लुद्विकाला बोलावून दाखवला,
उन्हाळाभर दोन वाफ्यांपायी कंबर मोडून घेते ती.
चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, गोगलगायी कुठायत?
नाहीत.
मग हा कोबी खातं कोण?

एक खेळ सगळाच्या सगळा जपानीत.
प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणत गेले.
तासाभरात माझं लग्न झालं होतं,
बहुधा एका पोस्टमनशी.

आणि मग गुरुवारी, की शुक्रवारी, ते ठोकळे.
वरून पडतात, खाली रचायचे.
मी खुर्ची पुढे ओढली. हे आपलं काम.
वारा नाही, खाली जहाज डुलत नाही,
कुणी शिरस्त्राण घालून हातवारे करत नाही.
एक ओळ भरली, या काठापासून त्या काठापर्यंत,
नखही शिरणार नाही अशी.
आणि ती गेली.

वाटलं, माझंच चुकलं.
परत भरली. परत गेली.

म्हणजे जे नीट रचाल ते नाहीसं होणार,
आणि फटी, चुका, घाईघाईत टाकलेलं
थरावर थर चढत छताला टेकणार.
हा कुठला न्याय?
भांडत बसले त्याच्याशी. जेवण राहिलं.
रात्री अकराला खिडकीतून क्रेनचे लाल दिवे दिसले,
आणि हात थांबला.

मी तरी दुसरं काय केलं?
जहाज नीट भरलं की ते जायचंच.
सकाळी धक्का रिकामा, पाण्यावर तेलाचा तवंग, दोन कुरव.
कुठलं जहाज, कुठे गेलं, एकही आठवत नाही.
आठवतो तो एक कंटेनर,
मार्चच्या वाऱ्याने माझ्या हातून फिरवलेला,
कोपरा दुमडलेला,
सहा वर्षं कुंपणापाशी गंजत पडला होता.
त्याच्यावर कुणीतरी खडूने
माझं नाव लिहिलं होतं.
पाऊस पुसायचा. ते परत लिहायचे.

उरला मासेमारीचा.
दिवसभर गळाला काही लागलं नाही.
फार आवडला.

सोमवारी सेव्हेरिनने अंगठा धरून वाकवला,
मग सोडला, म्हणाला आता तुम्ही.
वाकला. पुरता नाही,
पण चहाच्या कपाचा कान धरण्याइतका.
कुठला आवडला, त्याने विचारलं.
मी म्हटलं, ठोकळेवाल्यांना कळवा,
बंदरात एक दिवस टिकणार नाहीत.

खोकं काखेत मारून गेला तो.
मोजलं नाही त्याने.
विचारलंच तर सांगेन,
भाचीला म्हणावं नीट बघ,
सहाच होते.