अस्तर

कोट उलटा केल्याशिवाय खरं कळत नाही,
हे मी शिकाऊ पोरींना चाळीस वर्षं सांगत आले
वुच शहरातल्या त्या विटकरी गिरणीत,
जिथे आता मॉल आहे.
बाहेरची लोकर कुणीही शिवेल.
अस्तराला हात लागतो.

नोव्हेंबरची पहिली तारीख.
थडग्यावर ठेवायचे काचेतले दिवे पिशवीत घेऊन
ट्रामच्या थांब्यावर उभी होते,
आणि सोळा वर्षांपूर्वी थांबलेलं
आलं. थेंबभर.
झेनॉनचे दिवे लावले, मगच घरी परतले.
त्याला सांगितलं नाही.
मेलेल्या माणसाला काय काय सांगायचं.

चिमूटभर खरवडून नेलं त्यांनी.
मी मनातल्या मनात पिशवी काढून टाकलीसुद्धा.

मग तीन आठवडे कुणी काही बोलेना.
आधी म्हणाले, नुसती सूज.
काचपट्टी वॉर्सॉला गेली,
तिथे तिला आणखी रंग पाजले.
शेवटी एक तरुण डॉक्टर,
शर्टाचं दुसरं बटण लोंबकळणारा:
"हा गर्भाशयाचा नाही, गेनोवेफाबाई. लिम्फोमा आहे.
ज्या पेशी पहाऱ्यावर असतात, त्यांचाच.
अस्तरात फार क्वचित. मी तरी पहिल्यांदाच बघतोय."
बोलताना त्याचे डोळे चमकले,
मग त्याला लाज वाटली.
मला आवडला तो.
न पाहिलेला टाका सापडला असता
तर मीही असंच बघितलं असतं.

कुंपणानं शेत खाल्लं, एवढंच ना, मी म्हणाले.
मग पिशवी कधी काढता?
"काढायची नाही. राहू दे. औषध शिरेतून देऊ."

राहू दे.
मी तर निरोप देऊन बसले होते तिला.
तिच्यात एकच जण राहून गेलं, सात महिने.
नाव ठेवायचं राहिलं.

नळीतून लाल उतरतं.
शेजारच्या खाटेवरची म्हणते, बीटचं सूप.
छे. एक्केचाळीस नंबर, मरून साटीन,
बायकांच्या हिवाळी कोटांना लावायचो.
धुतलं की पहिल्यांदा रंग सोडायचं.

तिसऱ्या फेरीला सुईदोरा घेऊन गेले.
त्याला म्हटलं, बस इथे, हलू नकोस.
उजव्या हातात त्यांची सुई होती,
म्हणून बटण डाव्या हातानं लावलं.
टाके वाकडे आलेत.
उलटं करून बघू नकोस.